टॉवर नसलेल्या विमानतळावर छोटी विमानं एकमेकांना धडकत कशी नाहीत?
अमेरिकेत बहुतेक छोट्या विमानतळांना टॉवर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा नियंत्रण कक्ष, नसतोच. पायलट एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर साधारण १० मैलांपासून आपण कुठे आहोत ते सांगत येतात, हजारेक फुटांवरून धावपट्टीशेजारी सहसा डावीकडे वळत चौकोनी फेरी घेतात आणि उतरतात. पण रेडिओवर बोललं म्हणजे भागलं असं नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला दोन्ही विमानांचे पायलट रेडिओवर बोलत होते. तरी फेरीतल्या सेसना १५२ या विमानाला सरळ रेषेत भरधाव आलेलं सेसना ३४० हे विमान धडकलंच. तिघं गेले. त्यात वर पंख असलेल्या विमानातून वरचं नीट दिसत नाही, खाली पंख असलेल्यातून खालचं. म्हणून मी तरी म्हणेन, वेग आधीच कमी करा, सरळ घुसू नका, आणि स्क्रीनवर एडीएस-बी (विमानं आपली जागा आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा) इतर विमानं दाखवत असलं तरी मान फिरवत राहा.