वाचक विचारतात: वायफाय गोठ्यापर्यंत जात नाही, मग सेन्सर दीड किलोमीटर कसा बोलतो?

प्रश्न: भाऊ, आमच्या शेतकरी गटानं संत्र्याच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजायचे सेन्सर बसवले. दोन सेलवर चालते, अँटेना वीतभर बी नाही, तरी दीड किलोमीटरवर गावातल्या टाकीवर लावलेल्या डब्यापर्यंत आकडा पोचते. अन् घरचा वायफाय गोठ्यापर्यंत जात नाही. बसवणारा पोरगा म्हणे स्प्रेड स्पेक्ट्रम हाय. म्हणजे काय? आणखी एक, पावसाळ्यापासून दोन सेन्सरचे सेल लवकर संपून राहिले, ते कायले?
(संत्रा बागायतदार, वरुड तालुका)

उत्तर: भाऊ, फार बरं वाटलं तुमचा प्रश्न वाचून, कारण यंत्र एकदा चालू झालं की बहुतेक जण विषय सोडून देतात. पहिलं म्हणजे दूर पोचायला जोरातच ओरडावं लागतं हे डोक्यातून काढा. असे सेन्सर साधारण २५ मिलीवॅटवर बोलतात, घरच्या राउटरपेक्षा जास्त ताकद नाही त्यांच्यात. फरक आहे तो बोलायच्या पद्धतीत.

तुम्ही जागलीला गेलेच असाल. रात्री रानडुकरं आली आन् चार धुऱ्यांपलीकडच्या माणसाला सावध करायचं असलं तर आपण भराभर वाक्यं बोलत नाही, बोललो तरी वाऱ्यात काही समजत नाही, आपण नुसती एक हाक लांबवतो, खालून वर चढत जाणारी, "होऽऽऽ", आन् तो अर्धवट झोपेत असला तरी उठून बसतो, कारण त्या हाकेची चढण त्याच्या कानाला पाठ असते. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडं लोरा नावाच्या, कमी ताकदीत दूरवर बोलणाऱ्या रेडिओ पद्धतीचे सेन्सर दिसतात, आणि लोरा हेच करते.

आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो. त्यातली बहुतेक वेळा १२५ किलोहर्ट्झची एक पट्टी घेऊन सेन्सर आपला सूर खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकवत नेतो, वर टेकला की परत खालून धरतो. मग आकडा कुठं असतो? सूर नेमका कुठून सुरू झाला, त्यात. सुरुवातीच्या १२८ जागा ठरवल्या तर एका हाकेत ७ बिट (म्हणजे शून्य किंवा एक असे ७ आकडे) जातात, ४०९६ ठरवल्या तर १२. एवढ्याशा माहितीला खरं तर इतकी रुंद पट्टी लागतच नाही, पण ती मुद्दाम पसरवायची, म्हणून नाव स्प्रेड स्पेक्ट्रम. टाकीवरच्या डब्याजवळ तीच चढण उलटी करून ठेवलेली असते, आलेला सूर तिच्याशी गुणला की पसरलेली सगळी ताकद एका जागी गोळा होते, आणि गोंगाटाला ती चढण माहीत नसल्यामुळे तो पसरलेलाच राहतो. सगळ्यात लांब हाकेत तर गोंगाटाची ताकद सिग्नलच्या १०० पट असली तरी आकडा बाहेर निघतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजायच्या यंत्राच्या स्क्रीनवर नुसती खरखर होती, काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आन् शेजारच्या लॅपटॉपवर ओळ आली, ओलावा ३१ टक्के. मी दोनदा वायर तपासली होती तेव्हा.

याची किंमत वेळात मोजावी लागते. हाकेत ७ बिट घालायच्या सेटिंगला एक हाक १ मिलिसेकंदाची, १२ ला जवळपास ३३ मिलिसेकंदांची. सेकंदाला काही हजार बिट जायचे तिथं दोन-तीनशेवर येतात. ओलावा, तापमान यांना तेवढं पुरतं, फोटो पाठवायचं मात्र विसरा. वायफायला व्हिडिओ चालवायचा असतो म्हणून तो भराभर बोलतो आन् गोठ्याआधीच त्याचा दम संपतो.

तुमच्या सेलचं कारण मला इथंच दिसतं. पावसाळ्यात झाडं भरतात, ओली पानं लहरी शोषून घेतात, टाकीवर सिग्नल कमी येतो, मग यंत्रणा आपोआप त्या सेन्सरला लांब हाकेवर टाकते. एकेक पायरी वर गेलं की बोलायचा वेळ जवळपास दुप्पट होतो आणि तेवढे सेल जळतात. अँटेना उभीच ठेवा, फांद्यांच्या वर निघेल एवढ्या बांबूवर चढवा, आणि सेन्सर मोटरच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवला असेल तर आजच बाहेर काढा. "सगळेच १२ वर टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, बाकीच्यांचेही सेल जातील आणि लांब हाका एकमेकींवर आदळतील ते वेगळंच.

प्रश्न: कॉलेजच्या बसमध्ये वीस-पंचवीस जणींच्या कानात ब्लूटूथ असतं. एकीचं गाणं दुसरीच्या कानात का जात नाही?
(बीएससीची विद्यार्थिनी, आर्वी)

उत्तर: ताई, ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. गाणी ऐकायच्या नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ७९ चॅनल असतात आन् जोडी सेकंदाला १६०० वेळा उडी मारू शकते. उड्यांचा क्रम फक्त तुमच्या फोनला आणि तुमच्या इयरफोनला माहीत. दोन जोड्या चुकून एकाच चॅनलवर आल्याच तर तेवढा तुकडा खराब होतो, तो परत पाठवला जातो, कानाला कळतही नाही. जिथं वायफायची गर्दी दिसते ते चॅनल सोडून उड्या मारायचंही त्याला जमतं.

ही कल्पना पुढं आणणाऱ्यांत एक सिनेनटी होती हे मला सांगायलाच हवं. हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ साली अमेरिकेत पेटंट मिळालं, शत्रूला पाणतीराचा रेडिओ जाम करता येऊ नये म्हणून. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी असते, तशाच दोन गुंडाळ्या, एक जहाजावर, एक पाणतीरात, आन् ८८ फ्रिक्वेन्सी, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच.

प्रश्न: मेळघाटात सेमाडोहच्या पुढं रेंज जाते, तरी मोबाईलमधला निळा ठिपका सरकतच राहते. कसं काय?
(गाडीचालक, परतवाडा)

उत्तर: दादा, तो ठिपका टॉवरवर नाही, उपग्रहांवर चालतो, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या. जीपीएसचे सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलतात, आणि जमिनीवर येईपर्यंत तो आवाज गोंगाटाच्याही खाली गेलेला असतो. पण प्रत्येकाची १०२३ चिन्हांची स्वतःची खूण आहे, ती दर मिलिसेकंदाला परत येते, फोनला त्या सगळ्या खुणा पाठ आहेत. फोन आपली प्रत मागंपुढं सरकवत बसतो, जुळली की उपग्रह सापडला, आणि किती सरकवावी लागली त्यावरून अंतर. चार उपग्रह जुळले की जागा निघते, टॉवरचं काही काम नाही. नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो, म्हणून परतवाड्यात रेंज असतानाच त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ठिपका कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनवर फिरत राहील.