किमान वेतन आणि तरुणांची बेरोजगारी

किमान वेतन वाढवले की तरुणांची बेरोजगारी वाढतेच का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते वाढ किती आणि कोणत्या वयोगटासाठी, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

श्रम महागले की मागणी घटते आणि अननुभवी तरुणाचे वेतन मुळातच किमान पातळीजवळ असल्याने पहिला फटका त्यालाच बसतो, हा पाठ्यपुस्तकी युक्तिवाद आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ताशी किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तेथील फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील दुकानांशी केली; रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी दुकानांच्या वेतनपटांच्या (पगाराच्या नोंदींच्या) आधारे हा निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला. तरीही एक गोष्ट पटण्यासारखी आहे: जेथे मालक मोजके असतात आणि कामगाराला दुसरीकडे जाणे अवघड असते, तेथे वेतन आधीच दाबलेले असते, त्यामुळे माफक वाढ नोकऱ्या न घटवता नफ्यातून भागू शकते.

सगळी भिस्त त्या ‘माफक’वर आहे. डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही, ते सामूहिक करारांतून ठरते. अठरावे वर्ष पूर्ण होताच ते सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि नेमक्या त्याच वयात नोकरी असलेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घसरते. ब्रिटनने १९९९ मध्ये प्रौढांसाठी ताशी ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयासाठी ३ पौंड असे दोन दर ठेवले. त्याने धोका कमी होतो, पण वाढदिवसाच्या दिवशी तरुण कामगार मालकाला महाग होण्याची अडचण तशीच राहते (शिवाय त्याच कामाला कमी पैसे का, हा प्रश्न उरतोच).

आकडे पाहताना केवळ बेरोजगारीचा दर पाहू नये. काम शोधणे सोडून शिक्षणाकडे वळलेला तरुण त्या दरात मोजलाच जात नाही, आणि मालकही नोकरकपातीऐवजी नवी भरती थांबवतात किंवा तास कमी करतात. त्याहून मोठा घटक मंदीचा असतो. मंदीत सापडलेल्या ग्रीसने २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी, तर पंचविशीच्या आतील कामगारांसाठी ३२ टक्क्यांनी घटवले. तरीही २०१३ मध्ये तेथील तरुणांची बेरोजगारी ५० टक्क्यांच्या वरच होती. वेतनकपात निरुपयोगी असते हे यातून सिद्ध होत नाही, कारण ती झाली नसती तर काय झाले असते हे या आकड्यांत दिसत नाही. मात्र ग्राहकच नसताना स्वस्त कामगारालाही कोणी ठेवून घेत नाही, एवढे दिसते.