कॉन्सल : नेपोलियनचा आणि वकिलातीतला

‘सम्राट होण्यापूर्वी नेपोलियन फ्रान्सचा पहिला वाणिज्यदूत होता’ असे वाक्य एका अनुवादात वाचून, एका सेनापतीला व्यापारी दूत म्हणून कोणी व का नेमले असावे, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. तसे कोणीही नेमले नव्हते. मूळ शब्द ‘कॉन्सल’ असून अनुवादकाने त्याचा कोशातील आजचा अर्थ उचलून दोनशे वर्षांपूर्वीच्या पदाला चिकटवला आहे.

कॉन्सल हे प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकातील सर्वोच्च निर्वाचित पद होय. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलून लावल्यावर रोमनांनी त्याची सत्ता दोघांत वाटली आणि तिला एका वर्षाची मुदत घातली. दोन्ही कॉन्सल अधिकाराने समान असत आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला रोखता येई. वर्षाची ओळखही या जोडीच्या नावांनीच दिली जाई. इ.स.पू. ५९ मध्ये ज्यूलियस सीझरचा जोडीदार बिब्युलस त्याच्या दांडगाईपुढे हतबल होऊन घरात बसून राहिला, तेव्हा रोममधील टवाळांनी ते वर्ष ‘ज्यूलियस आणि सीझर यांचे’ ठरवून टाकले. पुढे सम्राट आले, तरी पद मानापुरते उरलेच; सम्राटाव्यतिरिक्त कोणी कॉन्सल झाल्याची शेवटची नोंद इ.स. ५४१ ची आहे.

फ्रान्समध्ये क्रांतिकालीन पंचांगाच्या १८ ब्रूमेर रोजी, म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९ रोजी, सुरू झालेल्या सत्तापालटात पाच संचालकांचे सरकार मोडले गेले, तेव्हा नव्या सत्ताधीशांना नाव काय द्यावे, हा प्रश्न उरला. सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन सात वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे ‘राजा’ हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. उलट लॅटिन शिकत वाढलेल्या क्रांतिकारकांच्या पिढीला रोमन प्रजासत्ताकाचे शब्द तोंडपाठ होते. सीयेस, द्यूको आणि नेपोलियन बोनापार्त हे तिघे हंगामी कॉन्सल झाले, आणि डिसेंबरमधील नव्या राज्यघटनेने बोनापार्त व कांबासेरेस यांना दहा, तर लब्रं याला पाच वर्षांसाठी त्या पदावर बसवले. सोबत ‘सेनेट’ आणि ‘ट्रिब्युनेट’ हीही रोमन नावे आली. परंतु याच घटनेत अशी तरतूद होती की दुसऱ्या व तिसऱ्या कॉन्सलने केवळ मत नोंदवावे, निर्णय पहिल्याचा. रोमन पदाचा प्राण ज्या समानतेत आणि मुदतीत होता, त्यांतली समानता अशा रीतीने पहिल्याच दिवशी गेली; मुदतही १८०२ मध्ये गेली, कारण त्या वर्षी नेपोलियन तहहयात कॉन्सल झाला. प्रजासत्ताकाच्या काळातील मुत्सद्दी सिसेरो याच्यासारख्या रोमनाला ‘तहहयात कॉन्सल’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघातच वाटला असता. मे १८०४ मध्ये सम्राटपद जाहीर झाल्यावर या नावाची गरजच संपली.

मग हा शब्द वकिलातीत कसा पोहोचला? नेपोलियनच्या कितीतरी आधी आणि अगदी वेगळ्या वाटेने. मध्ययुगात पिसा, जेनोआ यांसारख्या इटालियन नगरांनी आपल्या कारभाऱ्यांना कॉन्सल म्हणण्यास सुरुवात केली. व्यापाऱ्यांनीही आपसांतील तंटे सोडवणाऱ्या पंचांना तेच नाव दिले. पॅरिसमध्ये १५६३ मध्ये व्यापारी दाव्यांसाठी जे न्यायालय स्थापन झाले, त्याच्या न्यायाधीशांच्या पदनामातही ‘कॉन्सल’ आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील बंदरांत स्वदेशीयांचे तंटे मिटवणारा कॉन्सल पुढे आपल्या राज्याचा प्रतिनिधी झाला. नेपोलियनच्या सैन्यात काम केलेला कादंबरीकार स्तांदाल १८३१ पासून चिव्हितावेक्किया बंदरात फ्रान्सचा कॉन्सल होता, तो या दुसऱ्या अर्थाने.

मराठीत ‘वकील’ शब्दाचाही असाच प्रवास झाला आहे. पेशवाईच्या कागदपत्रांतला वकील दुसऱ्या दरबारात राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा दूत असे, आणि त्याला आज कोणी काळा कोट घालत नाही. तोच विवेक येथेही पाळावा. मुंबईतील फ्रेंच अधिकाऱ्यास ‘महावाणिज्यदूत’ म्हणणे योग्यच आहे. रोमच्या आणि १७९९ ते १८०४ मधील फ्रान्सच्या संदर्भात मात्र ‘कॉन्सल’ हाच शब्द ठेवावा आणि नेपोलियनला ‘प्रथम कॉन्सल’ म्हणावे. कोणी ‘मुख्य प्रशासक’ असा पर्याय सुचवील, परंतु त्यात रोमचा संदर्भ पुसला जातो, आणि हे नाव निवडण्यामागे सारा हेतू त्या संदर्भाचाच होता.