पांढऱ्या ग्रॅनाइटवर डाग का पडतात?

प्रश्न : पांढरट ग्रॅनाइटचा ओटा बसवून वर्ष होत आलं. सिंकच्या कडेने ओलसर काळपट पट्टा उमटलाय आणि मिक्सरपाशी हळदीचा डाग पडलाय. दगड खोटा निघाला का?

उत्तर : दगड बहुधा खराच आहे. शंका असेल तर नजरेआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. चकाकी गेली तर तो संगमरवर. ग्रॅनाइटला लिंबू बाधत नाही, पण त्याच्या स्फटिकांमधल्या बारीक फटींत पाणी आणि तेल मुरतं. काळ्या दगडात ते दिसत नाही, पांढऱ्यात लगेच दिसतं.

सिंकजवळचं पाणी कापलेल्या, पॉलिश नसलेल्या कडेतून आत शिरतं. जुनं सिलिकॉन खरवडून काढा, तीन-चार दिवस पंख्याखाली कोरडं होऊ द्या, कडेला सीलर (दगडाच्या बारीक फटी बुजवणारं द्रव) लावा आणि मगच नवं सिलिकॉन भरा. घाई केली तर ओल आतच कोंडते आणि पट्टा तसाच राहतो.

हळदीसाठी खाण्याचा सोडा औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दाट कालवा. अर्धा सेंटिमीटर जाड लेप द्या आणि प्लास्टिकने झाकून 24 तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो डाग वर ओढतो, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. आधी कोपऱ्यात करून बघा.

शेवटी सगळ्या ओट्याला सीलरचा पातळ हात द्या. डब्यावरची वेळ पाळून जास्तीचा पुसून घ्या, नाहीतर धुरकट थर बसतो. पुढे कधीही पाण्याचा थेंब दहा मिनिटांत गडद ठिपका सोडू लागला, की पुन्हा सीलर लावा.

टॉयलेट क्लीनर मात्र ओट्याला लावूच नका. त्यातल्या तीव्र आम्लामुळे दगडातल्या अभ्रकातलं आणि गार्नेट या लाल खनिजातलं लोह सुटून पिवळा गंज धरतो, आणि या लेपाने तो निघत नाही. ‘काश्मीर व्हाइट’ला विशेष जपा. नाव काश्मीरचं असलं तरी हा दगड मदुराईकडचा, आणि त्यातले लाल ठिपके गार्नेटचेच असतात.

प्रश्न : देगलूरच्या वाटेवर गुलाबी गोल धोंडे दिसतात. महाराष्ट्रात तर बेसाल्ट ना?

उत्तर : नांदेडच्या त्या टोकाला दख्खनच्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसाल्टचे, थर संपतात आणि खालचा, सुमारे 250 कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ताज्या तुकड्यात चपटे, चमकते गुलाबी स्फटिक दिसतील, ते फेल्डस्पार या खनिजाचे. मधल्या काचेसारख्या राखाडी क्वार्ट्झवर (गारेवर) चाकूचा ओरखडा उठत नाही, काळ्या अभ्रकाचे मात्र पापुद्रे निघतात.