वर्षभर एकही सुपारी घेऊ नका

(बार्शीहून एका वडिलांनी लिहिलं आहे : मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. पाचव्या वर्षापासून गातो, ऑर्केस्ट्रात ‘छोटा केके’ म्हणून ओळखतात (हिंदी पार्श्वगायक केके याच्यावरून) आणि पैसे घेऊन ठरवलेल्या कार्यक्रमांत, म्हणजे ‘सुपाऱ्यां’वर, गातो. पाच-सहा महिन्यांपासून वरच्या पट्टीत आवाज फाटतो. पुढच्या महिन्यात टीव्हीवरच्या स्पर्धेची ऑडिशन आहे, म्हणून रियाज दोन तासांवरून चार तासांवर नेला आहे. आठवीनंतर शाळेतून काढून सतरा नंबरच्या फॉर्मवर (शाळेत न जाता, बाहेरून) दहावी करून घ्यावी का आणि पार्श्वगायनासाठी कोणता कोर्स चांगला, असं त्यांनी विचारलं आहे.)

नमस्कार.

कोर्सचं नंतर बघू. तुम्ही दुसऱ्या पानावर जाता जाता लिहिलंय की हळदीच्या कार्यक्रमात अंतऱ्याला आवाज फाटला, लोक हसले आणि घरी आल्यावर मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पुढच्याच ओळीत रियाज वाढवल्याचं आहे. तेरा वर्षांचं पोर चारचौघांत हसं झालं म्हणून दोन दिवस तोंड मिटून बसतं आणि त्यावर घरातून त्याला काय मिळतं, तर आणखी दोन तास गाणं! रागवून नाही सांगत, पण स्पष्ट सांगते : तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट ही आहे. ऑडिशन नव्हे.

मुलगा आळशी झालेला नाही, त्याचं लक्षही उडालेलं नाही. त्याचा आवाज फुटतोय. साधारण १२ ते १५ या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. या वाढलेल्या तंतूंना किती ताण द्यायचा, हे स्नायूंना नव्याने जमवावं लागतं. ते जमेपर्यंत सूर मध्येच निसटतो, घोगरा होतो, एकदम चिरकतो. कुणाचं सहा महिन्यांत निभावतं, कुणाला दोन वर्षं लागतात. रियाज वाढवून हा काळ एक दिवसानेही कमी होत नाही. उलट सुजलेल्या तंतूंवर रोज चार तास जोर काढला तर त्यांवर गाठी धरू शकतात, आणि मग आवाज बसतो तो स्पर्धेपुरता बसत नाही.

आता ‘छोटा केके’चं बघा. दहाव्या वर्षी तो केकेची गाणी ओरिजिनल पट्टीत सहज गायचा याचं तुम्हाला कौतुक आहे. त्यात एक गंमत आहे. मोठ्या पुरुषाच्या आवाजाचं जे वरचं टोक, ते लहान मुलाच्या गळ्याला मधलं पडतं. केके जिथे जीव ओतून चढायचा, तिथे तुमचा मुलगा आरामात उभा होता. आज त्याचा गळा पुरुषाचा होतोय, त्यामुळे तेच स्वर त्यालाही टोकाचे झालेत, आणि तिथे पोचायची ताकद यायला अजून काही वर्षं आहेत. काल जमत होतं ते आज का जमत नाही, याचं उत्तर एवढंच आहे. हे त्याला आजच बसवून सांगा. आपलं गाणं गेलं असं त्याला वाटत असणार.

रियाज बंद करायचा नाही, बदलायचा. दिवसातून दोनदा, १५ ते २० मिनिटं. मधले पाच-सहा स्वर, जे बोलण्याच्या आवाजाच्या आसपास आहेत, तेवढेच. जिथे सूर चिरकायला लागतो त्याच्या दोन स्वर खालीच थांबायचं. पहाटे उठवून तासभर खर्ज लावायला तुम्हाला कुणी सांगितलंय. खाली दाबून आवाज काढणं हेही वर ओढण्याइतकंच वाईट, ते बंद. पेटीवरची काळी पाच हीच पट्टी हवी, हा हट्ट सोडा. आज त्याला काय सोपं जातं ते पेटीवर बघा, ती त्याची सध्याची पट्टी, आणि दर महिन्याला पुन्हा बघा, कारण ती सरकत राहणार. कराओकेच्या ॲपमध्ये पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवता येते. आधी दोन, मग चार, मग सहा, असं उतरवत अंतऱ्याला मान ताठ होणं थांबेल तिथे थांबा. ‘ओरिजिनल स्केल’चं कौतुक फक्त ऑर्केस्ट्रात आणि टीव्हीवर असतं. स्टुडिओत गायकाचा गळा बघूनच पट्टी ठरवतात.

ज्येष्ठमधाच्या काढ्याबद्दल लिहिलंय. द्या, बरं वाटतं. पण काढा अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पाणी पिऊन आणि वाफ घेऊन. कार्यक्रमाआधीच्या घसा बधिर करणाऱ्या गोळ्या मात्र आजच फेका. दुखणं कळत नाही म्हणून मूल जोर लावतं, आणि इजा तिथेच होते. कार्यक्रमानंतर सकाळी बोलतानाही आवाज निघत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा सोलापूरला किंवा पुण्याला नेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. गाठी असल्या तरी या वयात बहुतेकदा विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने काम होतं. पण आधी बघायला तर हवं.

पैशाचं बोलू. एका सुपारीचे तीन-साडेतीन हजार येतात आणि त्याने घराला हातभार लागतो, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. त्यात लाज नाही. पण मुलाला अजून १४ पूर्ण नाहीत आणि बालकलाकारांसाठी कायदा आहे. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत टाकावा लागतो आणि तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. शिवाय त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला गायला लावता येत नाही. त्याला विचारलंत का? तीन पानांत ते कुठेच नाही.

‘केके कुठे शिकला होता? तरी झालाच ना!’ हा तुमचा मुद्दा. हे वाक्य गावोगावचे आई-बाप फेकतात, म्हणून जरा सविस्तर. केके शास्त्रीय संगीत शिकला नव्हता, हे खरं. पण पुढचं कुणी सांगत नाही. जन्म १९६८ चा, दिल्लीत वाढला, किरोडीमल कॉलेजातून पदवी घेतली, काही महिने मार्केटिंगची नोकरी केली. १९९४ मध्ये मुंबईत आला तेव्हा वय २५-२६, लग्न झालेलं. आल्या आल्या सिनेमा मिळाला नाही. मिळाल्या त्या जाहिराती. सुमारे साडेतीन हजार जिंगल्स त्याने गायल्या, असं सांगतात. जिंगल म्हणजे २०-३० सेकंदांचा मामला : स्टुडिओत गेल्यावर चाल कळते, कागद हातात येतो, कधी भाषाही आपली नसते आणि तासाभरात ओळ पक्की करून बाहेर पडायचं. माइकपासून किती अंतर ठेवायचं, श्वासाचा आवाज कुठे गिळायचा, ‘प’ आणि ‘भ’ला माइक फुटू नये म्हणून तोंड किती वळवायचं, एकच ओळ हसरी आणि उदास कशी लावायची, हे सगळं तिथे होतं. ‘पल’ हा अल्बम आणि ‘हम दिल दे चुके सनम’मधलं गाणं १९९९ चं. म्हणजे नाव झालं तेव्हा तिशीचा उंबरठा आलेला होता. शिकला नव्हता म्हणणं सोपं आहे. पाच वर्षं जवळपास रोज स्टुडिओत उभं राहणं हे कसलं शिक्षण होतं ते मोजा. आणि त्यातलं काहीही त्याने तेराव्या वर्षी, शाळा बुडवून केलेलं नाही.

स्पर्धेचंही तसंच. अरिजित सिंग २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मध्ये होता, जिंकला नव्हता. त्यानंतर संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंग करत राहिला आणि घराघरात पोचला तो २०१३ मध्ये. मधली आठ वर्षं टीव्ही दाखवत नाही. तुमच्या मुलाने आत्ता ऑडिशन दिली आणि नशिबाने निवड झाली, तर शूटिंगच्या महिन्यांत आवाज आणखी उतरेल आणि बाकीची मुलं बाहेर खेळत असताना हा कॅमेऱ्यासमोर चिरकेल. हळदीत पन्नास जण हसले होते.

पार्श्वगायनाच्या कमाईचा तुमचा हिशेबही चुकलाय. एकच गाणं तीन-चार गायकांकडून गाऊन घेतात, त्यातलं एक ठेवतात. बाकीच्यांना कळतं ते गाणं प्रसिद्ध झाल्यावर. रॉयल्टीचा हक्क गायकांना २०१२ च्या कायदादुरुस्तीने मिळाला, त्यासाठी ‘इसरा’ (आता ‘इसाम्रा’) ही गायकांची संस्थाही आहे, पण नवख्याच्या हातात त्यातून फार काही पडत नाही. बहुतेकांचं घर चालतं ते स्टेज शोवर. स्टेज शो म्हणजे दोन-दोन तास टिकणारा गळा, आणि तोच तुम्ही आत्ता खर्च करताय.

सतरा नंबर अजिबात नको. शाळेत ठेवा. हिंदी चांगलं करून घ्या, जमलं तर उर्दूची ओळख करून द्या. मराठी मुलांचा ‘च’ आणि ‘ज’ हिंदी गाण्यात पकडला जातो : ‘चाहत’मधला ‘च’ आपण ‘चाक’मधल्यासारखा लावतो, आणि संगीतकार दुसऱ्या ओळीलाच थांबवतो. हे सुधारायला आवाज लागत नाही, म्हणून हे वर्ष त्यासाठी उत्तम. पेटी शिकू दे, तबल्याचे ठेके हातावर मोजू दे, गाणी ऐकून स्वर लिहू दे. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा आवाज स्थिरावल्यावर द्या. बारावीनंतर संगीताची पदवी किंवा साउंड रेकॉर्डिंगचा अभ्यासक्रम यांचा विचार तेव्हा करू. आजच्या घडीला त्याला कुठलाच कोर्स लावू नका.

दिवाळीपर्यंतच्या तीन सुपाऱ्यांचा आगाऊ घेतलाय असं लिहिलंत, तो परत करा. अडचण असेल तर दोन हप्त्यांत द्या, पण द्या. ऑर्केस्ट्रावाल्यांना कारण बनवून सांगायची गरज नाही. ‘पोराचा आवाज फुटतोय, वर्षभर गाणार नाही’ म्हणा. त्यांनी अशी पुष्कळ पोरं बघितलीत, त्यांना लगेच कळेल.