ग्लूम: आधी आठ्या, मग अंधार

कोथरूडच्या एका अनुवादक ताईंनी विचारलंय. इंग्रजी कथेच्या एकाच पानात ‘ग्लूम’ आणि ‘ग्लूमी’ मिळून तीनदा आलेत: खोलीबद्दल, काकांच्या चेहऱ्याबद्दल आणि घरातल्या वातावरणाबद्दल. त्यांनी तिन्हीकडे ‘उदास’ घातलं, पण ‘उदास खोली’ त्यांच्याच कानाला खटकली. तर या शब्दाचा मूळ अर्थ अंधार की दुःख?

दोन्ही नाही. मूळ अर्थ आठ्या. चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या इंग्रजीत हे क्रियापद होतं: कपाळाला आठ्या घालून, तोंड फुगवून बघणं. चेहऱ्यावरून ते आभाळावर गेलं. पुढे सतराव्या शतकात इंग्रज कवी मिल्टनकडे अंधाराचा अर्थ ठळक दिसतो. १६६७च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये नरकात पडलेला सैतान स्वर्गीय उजेडाच्या बदल्यात पदरी आलेल्या अंधाराला ग्लूमच म्हणतो. मनाची खिन्नता हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. ‘ग्लम’ हा त्याच घरातला, म्हणजे आपला दुर्मुखलेला. स्कॉटलंडकडचा ‘ग्लोमिंग’ मात्र दिसायला सारखा असला तरी वेगळा. त्याचा अर्थ कातरवेळ, आणि त्याचं नातं सांगतात ते ‘ग्लो’शी, म्हणजे चक्क उजेडाशी!

आता खोली. ग्लूम म्हणजे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख नव्हे. पेठेतल्या जुन्या वाड्याचं माजघर आठवा. भर दुपारी फडताळातली बरणी दिसते, पण आत मीठ आहे की साखर ते चाखल्याशिवाय कळत नाही. इतपत अंधार. म्हणून ‘अंधारी खोली’ किंवा ‘खोलीतला अंधुक उजेड’ पुरे. ‘कोंदट’चा मोह होईल, पण कोंदटपणा नाकाला कळतो, डोळ्यांना नाही.

हवेसाठी तर आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. जुलैत सिंहगड दोन-दोन दिवस ढगांतून बाहेर येत नाही, पाऊस धड पडतही नाही आणि उघडतही नाही, तेव्हा हिंजवडीच्या बसमधली मुलं ‘काय ग्लूमी वेदर आहे’ म्हणतात. त्यांच्या आज्या म्हणायच्या, हवा कुंद आहे, मळभ आलंय, आभाळ झाकोळलंय. यातला ‘मळभ’ मला ग्लूमच्या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तोही आभाळावर येतो तसा मनावरही येतो. फक्त दोन अडचणी. माजघरात मळभ येत नाही, त्याला आभाळच लागतं. आणि मळभ म्हटलं की ते सरणार हे गृहीत असतं. ग्लूममध्ये तेवढा दिलासा नाही.

काकांच्या चेहऱ्याला ‘उदास’ चालेल, पण काका नुसते दुःखी नसून कावलेलेही असतील तर ‘दुर्मुखलेले’ बरं. थोडा तिरकस सूर हवा असेल तर ‘सुतकी चेहरा’. ‘उदास’नेही अर्थ बदललाय, बरं का. तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ मधला उदास रडवेला नाही, अलिप्त आहे: मिळवलेला पैसा आसक्ती न ठेवता खर्च करावा, असं ते सांगतात. ही ओळ आज ‘दुःखी मनाने पैसे खर्च करावेत’ अशी वाचणारे भेटतात. महिनाअखेरीला तोही अर्थ लागतो म्हणा.

वातावरणाचं काम सर्वांत नाजूक. वर्तमानपत्री मराठीत ‘शोककळा पसरली’ तयार असते, पण तिला मृत्यू किंवा मोठा अपघात लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ला आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो त्या रात्री रस्त्यांवर होता तो ग्लूम. त्याला शोककळा म्हणणं जरा जास्तच होईल, ‘सगळ्यांची तोंडं उतरली’ हे पुरतं. बाजाराच्या बातमीत ‘मंदीचं सावट’ किंवा ‘निरुत्साह’. ‘डूम अँड ग्लूम’ला सरळ ‘रडगाणं’ म्हणावं.

ताईंच्या कथेत कोणी गेलेलं नाही, काकांची नोकरी सुटली आहे. तिथे मी नाम शोधतच बसणार नाही. ‘घरात कोणी मोठ्याने बोलेना’ असं लिहून पुढे जाईन.