जायकवाडीच्या आवकीवरचा प्रबंध आहे, पायथन कोड गिटहबवर आहे. प्रबंधात त्याचा संदर्भ कसा द्यावा?

नुसती गिटहबची लिंक देऊ नका. उद्या रेपॉझिटरीचं नाव बदललं किंवा ती काढून टाकली, तर परीक्षकाच्या हाती काहीच लागणार नाही. शिवाय कोड रोज बदलतो. तुमचे आलेख नेमक्या कोणत्या कोडमधून निघाले, ते लिंकवरून कळत नाही.

आधी लायसन्सची फाइल टाका. मग सॉफ्टवेअर हेरिटेजच्या ‘सेव्ह कोड नाऊ’ पानावर रेपॉझिटरीचा पत्ता द्या. इन्रिया या फ्रेंच संस्थेने 2016 मध्ये खुलं केलेलं हे संग्रहालय कोड पूर्ण इतिहासासकट जपून ठेवतं. म्हणूनच जुन्या कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या टप्प्यात) एखादा पासवर्ड किंवा एपीआय की राहिली असेल, तर ती आधीच रद्द करा. रेपॉझिटरी पब्लिक हवी.

तिथे मिळणारा एसडब्ल्यूएचआयडी हा ओळखक्रमांक कोडच्या मजकुरावरूनच काढलेला असतो: त्यात 40 अक्षर-अंकांचा हॅश असतो, एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. ‘रेव्ह’ प्रकारचा घेतला की नेमकी कमिट ठरते. फाइलच्या ‘सीएनटी’ प्रकारच्या एसडब्ल्यूएचआयडीला ‘लाइन्स’ जोडून आवक काढणाऱ्या फंक्शनच्या ओळीसुद्धा दाखवता येतात, आणि प्रबंधात हे फार उपयोगी पडतं.

डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा ओळखक्रमांक, हवा असेल तर झेनोडो हे संशोधनाचं खुलं भांडार वापरा. गिटहब जोडून रेपॉझिटरीचं बटण आधी चालू करा, रिलीज (क्रमांक दिलेली आवृत्ती) नंतर काढा. उलट केलं की ते रिलीज जमा होत नाही. दोन डीओआय दिसतील. संदर्भात त्या आवृत्तीचाच द्या, कारण दुसरा कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो.